स्टार्टचं बटण दाबू नका

दुकानात कीबोर्ड आला की मी आधी त्याचा वास घ्यायचे. लोक हसायचे. हसू देत. वासावरून तो कुठल्या गावचा आणि त्याचं काय बिघडलंय हे मला निम्मं कळायचं. डांबराच्या गोळ्यांचा वास आला की किहीमचा बंगला. मुंबईच्या मालकांनी मुलासाठी हौसेने घेतलेला असतो, मुलगा परदेशी जातो आणि कीबोर्ड माळ्यावर. उदबत्ती-कापराचा वास आला की भजनी मंडळ. आत हमखास अबीर आणि प्रसादाच्या खोबऱ्याचा चुरा निघतो, आणि खोबऱ्यामागोमाग मुंग्यांचं बिऱ्हाड. सुकटीचा वास आला की रेवदंडा नाहीतर थळ. मग मी स्क्रू खोलायच्या आधीच सांगून टाकायचे, "आतले रबर गेलेत. ठेवून जा."

अलिबागला स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला तेव्हा वर्गात मी एकटीच मुलगी. दुकान टाकलं ते टीव्हीसाठी. पुढे टीव्ही भिंतीला चिकटले आणि लोक ते दुरुस्त करायचेच बंद झाले. हातात राहिले कीबोर्ड. दुरुस्त करता करता वाजवायला शिकले आणि वाजवता वाजवता शिकवायला लागले. मी काही कलावंत वगैरे नाही. मला गाता येत नाही, आणि माझं वाजवणं ऐकून कोणी जेवणावरून उठून आलंय असं कधी झालं नाही. पण हौशी माणसाला जुन्या कीबोर्डवर पहिलं गाणं वाजवायला लावायचं, हे काम मी फार चांगलं केलं. यात नम्रपणा दाखवायचं मला कारण दिसत नाही.

आमच्याकडे कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड असो, त्याला एकाच कंपनीच्या नावाने हाक मारतात. मी सरळ 'पेटी' म्हणते. हार्मोनियमवाल्यांना राग येतो, त्याला इलाज नाही. यातल्या अ‍ॅरेंजर पेट्या माझ्याकडे जास्त यायच्या. अ‍ॅरेंजर म्हणजे ज्या पेटीच्या आत आख्खा बँड बसवलेला असतो ती. ढोलक, तबला, गिटार, सगळे आत. डावीकडच्या पट्ट्यांवर तुम्ही कॉर्ड धरायची, म्हणजे एकमेकांशी जमणारे तीन-चार स्वर एकदम. मग स्टार्टचं बटण दाबलं की आतला बँड त्या स्वरांत वाजायला लागतो, आणि उजव्या हाताने तुम्ही गाणं वाजवायचं. एकट्या माणसाला घरबसल्या साथीदार मिळतात आणि त्यातला एकही चहा मागत नाही.

शिकणाऱ्याला मी नेहमी जुनीच पेटी घ्यायला सांगितलं. नव्या पेटीत पडद्यावर पडदे उघडत जातात आणि माणूस त्यातच हरवतो. जुनीत जे काही आहे ते समोर तोंडावर छापलेलं असतं, एका बटणाला एक काम. मात्र घेताना डोळे उघडे ठेवायचे. प्रत्येक पट्टी एकदा हळू आणि एकदा जोरात दाबून बघायची. पट्टीखाली रबराची बटणं असतात. आपली खारी हवा ती खाते आणि मग पट्टी मुकी होते, नाहीतर एकदम किंचाळते. सेल टाकायचं झाकण उघडून आत हिरवा चुरा दिसतो का ते पाहायचं. आणि मोबाईलचा, वायफायचा, मेहुण्याचा, असा कोणाचाही अ‍ॅडाप्टर लावायचा नाही. पिन बसली म्हणजे जमलं असं नसतं. आतलं प्लस-मायनस उलटं निघालं की पेटी एकदाच 'टक्' करते आणि मग माझ्याकडे येते. घराघरात हे ओरडून सांगितलं मी. काही उपयोग झाला नाही.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. किहीमला एक निवृत्त साहेब होते. त्यांनी जुनी पेटी घेतली, मला घरी शिकवायला बोलावलं आणि पहिल्याच दिवशी स्टार्ट दाबून बँड इतका वेगात सोडला की त्यांची बोटं धावूनही पोचेनात. मी वेग कमी केला. त्यांनी पुन्हा वाढवला. म्हणाले, "मॅडम, आयुष्यभर मी माणसांना माझ्यामागे पळवलं, आता ही पेटी मला पळवतेय. हे चालायचं नाही." मी म्हटलं, "साहेब, तिला तुमचा हुद्दा माहीत नाही." ते रागावले, आणि मग स्वतःच हसायला लागले. शेवटी एक जुनं भावगीत त्यांना बऱ्यापैकी जमलं. बायकोचा फोटो पेटीवर ठेवून वाजवायचे. मी दुसरीकडे बघत बसायचे.

एका भजनी मंडळाने तर कमाल केली. ऐन आरतीत कोणाचा तरी हात 'डेमो' लिहिलेल्या बटणावर पडला आणि देवळात इंग्रजी नाचाचं गाणं सुरू झालं. बंद कसं करायचं कोणालाच ठाऊक नाही. पुजाऱ्यांनी आरती थांबवली नाही, मंडळींनी टाळ्या थांबवल्या नाहीत, आणि म्हणे त्या दिवशी गर्दी जास्त झाली. दुसऱ्या दिवशी पेटी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "ताई, हे बटण उपटून द्या." दिलं उपटून.

पण मला सांगायचंय ते थळच्या हिराजीबद्दल आणि त्याच्या आईबद्दल. दुकान बंद केलं त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट.

हिराजी कोळी माणूस, पन्नाशीचा. पेटी गोधडीत गुंडाळून, रिक्षातून, कडेवर पोर घ्यावं तशी घेऊन आला. मी गोधडी सोडली आणि नाक धरलं. बोंबील! इतका बोंबलाचा वास मला बोंबलालासुद्धा कधी आला नव्हता.

"ताई, धुतली तवापासून बोलत न्हाय," तो म्हणाला.

"काय केली?"

"धुतली. गोऱ्या पान्यानं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्याने नीट समजावून सांगितलं, आणि सांगताना त्याला जराही संकोच नव्हता. बोटीचं इंजिन दर्यातून आलं की ते गोड्या पाण्याने धुवायचं, नाहीतर मीठ त्याला खातं, हे कोळ्याच्या पोराला चालायला लागल्यापासून माहीत असतं. पेटी त्याला एका बंगल्याच्या रखवालदाराने दिली होती. याने मागचे स्क्रू काढले, आत पांढरं मीठ दिसलं. मग दुसरं काय करणार? बादलीभर गोडं पाणी ओतलं आणि पेटीचा पत्रा नि आतल्या पट्ट्या बोंबील वाळवायच्या काठ्यांवर उन्हात टांगल्या.

मी खूप बोलले त्याला. "अहो हिराजीभाऊ, बोंबील तुम्ही दर्याच्या खाऱ्या वाऱ्यावर टांगता ना? मग धुतलेलं मीठ त्याच वाऱ्याने परत आत भरलंत की!" तो ऐकून घेत होता. मग हळूच म्हणाला, "ते माझे डोक्यात आलं न्हाय. तुमी बोला, तुमचा हक्क हाय. पन करा कायतरी." माझा राग गेला. खरं सांगायचं तर धुण्याने फारसं काही बिघडलं नव्हतं. पेटीला सेल नव्हते, वीज नव्हती. पाणी वाळलं असतं. घोटाळा केला तो वाऱ्याने. मी रबर बदलले, गंज खरवडला, तारा पुन्हा जोडल्या. वास मात्र गेला नाही.

पेटी न्यायला आला तेव्हा मी त्याचा डावा हात पहिल्यांदा नीट पाहिला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, बस. बाकीची तीन बोटं जाळं ओढायच्या विंचमध्ये गेली होती. तेव्हापासून बोटीवर जाणं सुटलं. किनाऱ्यावर बसून बर्फाचं, डिझेलचं बघायचा. त्यात बाप बोटीवर छातीत कळ येऊन गेला. "संध्याकाल खायाला उठते, ताई," तो म्हणाला. मी विचारलं, "शिकायचंय का?" त्याने हात वर करून दाखवला. "या हातानं?"

जुन्या पेटीची ही एक मेहेरबानी आहे. तिला 'सिंगल फिंगर' नावाची सोय असते. डावीकडे एक पट्टी दाबली की पूर्ण कॉर्ड पेटी स्वतः करते. शेजारची आणखी एक दाबली की तीच कॉर्ड उदास होते. म्हणजे डाव्या हाताला दोन बोटं पुरतात. शिकलेले वादक या सोयीला नाकं मुरडतात, लहान मुलांचं खेळणं म्हणतात. मी स्टार्ट दाबलं, हिराजीची दोन बोटं दोन पट्ट्यांवर ठेवली आणि म्हटलं, "दाबा." पेटी भरून वाजली. तो बराच वेळ बोटं उचलेना. मग डोळे पुसले आणि म्हणाला, "आयेला दाखवाला पायजे."

आणि मग त्याने मनातलं सांगितलं. त्याची आई धवलारीण. आमच्या किनाऱ्यावर आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवले गातात, ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी मागाहून आले, आधी लग्नं लावायची तीच. धवला गाऊन ती देवांना एकेक करून मांडवात बोलावते. आये म्हणजे हिराजीची आई, थळमधली जुन्या पद्धतीने गाणारी शेवटचीच. वय ऐंशीच्या पुढे आणि दमा. तिची जोडीदारीण बायजा होती. आयेचा श्वास संपला की बायजा ओळ झेलायची, गाणं चालू राहायचं. बायजा गेली. आता हिराजीच्या मुलीचं, दर्शनाचं, लग्न ठरलं होतं. आयेने सांगून टाकलं होतं की नातीच्या हळदीला धवला मी गाणार. आणि रात्री तीच रडायची, की मध्येच दम गेला तर काय होणार.

"मग काय झालं?" मी विचारलं. "थांबतील, पाणी पितील, पुन्हा गातील."

"धवला तुटत न्हाय, ताई. अर्ध्यात तुटला तर बोलावलेले देव आत नि उरलेले दारात. त्यांना कोन आत घेनार? आये बोलते, असं झालं तर मी पोरीच्या लग्नात विघ्न आनलं असं व्हईल." त्याने पेटीवर हात ठेवला. "आये दम घेईल तवा ही बोलेल. गानं तुटनार न्हाय."

मी देवांचा हिशेब ठेवणारी बाई नाही. पण त्या माणसाने आईची झोप परत आणायला बंगल्यातली टाकाऊ पेटी कडेवर घेऊन फिरवली होती, हे मला कळलं. मी म्हटलं, "मी येते थळला."

आये ओट्यावर बसली होती. अंगाने चिमूट, नऊवारी घट्ट, केसात अबोलीचा वळेसर. समोर काठ्यांवर बोंबील, मागे कारखान्याच्या चिमण्या. मला म्हणाली, "ये बाय. तूच का ती, माझे पोराला बोललीस?" मी हो म्हटलं. "बरा केलास. आमचं कोन आयकत न्हाय तो."

मी मोठ्या ऐटीत पेटीवर हळदीला शोभेलसा ढोलकीचा ताल निवडून ठेवला होता. हिराजीने दोन बोटं ठेवली आणि स्टार्ट दाबलं. आयेने डोळे मिटून सुरुवात केली. दोन ओळी झाल्या आणि तिचे खांदे वर गेले, ती श्वासाला थांबली. ढोलकी थांबली नाही. ती पुन्हा शिरायला गेली तर ताल पुढे निघून गेलेला. परत तेच. मी ताल हळू केला. हळू झाला, पण थांबेना तो थांबेनाच. तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला आणि आयेने हात झटकला.

"बंद कर ती. दम घेत न्हाय. जी दम घेत न्हाय तिच्यासंगट मी कशी गाऊ? बायजा माझे तोंडाकडं बघायची. ही कोनाकडं बघते?"

मला राग आला, खोटं कशाला सांगू. इतका जीव काढून दुरुस्त केलेली पेटी, इतका छान ताल, आणि ही म्हातारी म्हणते कोणाकडं बघते! काही बोलणार होते, तेवढ्यात हिराजीने खाली मान घालून पेटी बंद करायला हात नेला आणि मला त्याची ती तीन बोटांची रिकामी जागा दिसली. मी म्हटलं, "थांबा. पेटी बंद नका करू. फक्त स्टार्ट बंद करा."

अ‍ॅरेंजर पेटी लोक घेतात ती आतल्या बँडसाठी. स्टार्ट न दाबता ती वाजवायची, हे कोणाच्या मनातच येत नाही. माझ्याही आलं नव्हतं, आणि मी तर शिकवणारी. स्टार्ट दाबलं नाही तर ताल नसतो, ढोलक नसतं, काही नसतं. डाव्या हाताने धरलेला सूर तेवढा राहतो. बोटं आहेत तोवर राहतो, बोटं उचलली की जातो. हिराजीने दोन पट्ट्या दाबल्या. बारीकसा, गरीब सूर आला. आये ऐकत राहिली. मग त्या सुरावर तिने पहिली ओळ ठेवली. खांदे वर गेले, ती थांबली, सूर तिथेच उभा होता. तिने श्वास घेतला आणि दुसरी ओळ घेतली. तीन-चार ओळी झाल्यावर डोळे उघडून लेकाला म्हणाली, "माझे मागं चाल. फुडं नको जाव." हिराजी म्हणाला, "न्हाय जात, आये." त्या दिवशी परत येताना रिक्षात मी एकटीच हसत होते.

मग मी जात राहिले. शिकवायला असं फारसं नव्हतंच. त्याला एकच सांगितलं, पट्ट्यांकडे बघू नका, आईच्या खांद्यांकडे बघा. उजव्या हाताने काही वाजवू नका, कितीही मोह झाला तरी. हौशी माणसाला गप्प बसायला शिकवणं फार कठीण असतं, पण हा मासेमार, वाट बघण्यात मुरलेला. आये गायची. कार्ल्याची एकवीरा, जेजुरीचा खंडोबा, गावदेवी, मग दर्या. ऐकून ऐकून हिराजीला सगळा धवला पाठ झाला. ओठ हलायचे, आवाज काढायचा नाही. धवला बायकांचा. पुरुष तो गात नाहीत.

दर्याशी आलं की आये दरवेळी थांबायची. "फुडचं त्या दिवशी."

मी एकदा विचारलं, पुढे काय असतं? ती म्हणाली, "फुडं घरातली गेलेली मान्सं. त्यांना उगाच हाक मारू नये, बाय. ती येतात. मंग आलेल्याला काय सांगू, तालीम हाय म्हनून?" सगळ्यांना एकेक करून बोलवायचं नसतं, असंही तिने सांगितलं. घरातून शेवटचं गेलेलं माणूस तेवढं नावानं बोलवायचं. तो मागच्या सगळ्यांना बरोबर घेऊन येतो. मला ते ऐकून बरं वाटलं. माझी आई गेली तेव्हापासून आमच्या घरात कोणी कोणाला बोलावलेलं नाही.

हळदीच्या दिवशी दुपार उतरल्यावर मी पोचले. मांडव दारात, आणि मांडवाच्या कडेला डीजेचे भलेमोठे डबे रचून ठेवलेले. दर्शना पाटावर, अंगाखांद्यावर हळद. मंडळी घाईत. मुलाकडचा कोणीतरी म्हणत होता, "म्हातारीला दोन ओली म्हनू द्या नि आटपा." हिराजीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पेटी मांडवाच्या खांबाशी ठेवली, आयेला शेजारी बसवलं. मी वायर तपासली, अ‍ॅडाप्टर तपासला, सवयीने पेटीचा वास घेतला. बोंबील होताच, वर हळद होती.

आयेने सुरुवात केली. आवाज पातळ, पण सरळ. आधी बायका बोलत होत्या, मग बोलायच्या थांबल्या. एकवीरा आली. खंडोबाच्या ओळीला तिचा दम गेला, चांगला लांब गेला, आणि हिराजीची दोन बोटं तिथेच. सूर उभा होता. तिने पुन्हा ओळ धरली तेव्हा मागच्या म्हाताऱ्या बायकांनी माना हलवल्या. गावदेवी आली. दर्या आला. मघाचा तो घाईवालासुद्धा खुर्चीवर बसला.

मग आये थांबली.

हिराजी सूर धरून बसला. मीही निर्धास्त होते, दम घेतेय म्हणून. सूर चालला, चालला, खूप वेळ चालला. माझं लक्ष आधी पेटीकडे गेलं, धंद्याची खोड. पेटी ठीक होती. मग मी आयेकडे पाहिलं. तिचे खांदे वर जाऊन केव्हाच खाली आले होते. छाती शांत. दम लागलेला नव्हताच. तोंड मात्र मिटलेलं, आणि डोळ्यांतून पाणी. मी उठणार, तर शेजारच्या मावशीने माझा हात धरला.

"आता नाव हाय," ती कानाशी बोलली. "शेवटी गेला तो तिचा मालक. ती नाव कशी घेईल?"

आयेच्या वयाच्या बाईने नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात घेतलेलं नसतं. तो गेल्यावरही घेत नाही. दुसऱ्यांच्या घरी कुठलंही नाव गायला तिला अडचण नव्हती. या घरात तो गेल्यानंतरचं हे पहिलंच लग्न. बायजा असती तर तिने ओळ झेलली असती. मांडवात बसलेल्या तर सगळ्या सुना, जावा, भावजया. सासऱ्याचं, दिराचं नाव त्यांतली कोण घेणार? सगळ्यांच्या माना खाली. आम्ही महिनोन्‌महिने आयेच्या दम्याची काळजी केली, सगळी तयारी दम्यासाठी केली, आणि गाणं अडलं ते भलतीकडेच. ती मात्र हे पहिल्यापासून जाणून असणार. कोणाला सांगायचं आणि कसं सांगायचं? सांगायला तरी नाव घ्यावंच लागलं असतं.

डीजेवाल्याने डब्यावरचं कापड काढलं. घाईवाला उठून उभा राहिला. हिराजी आईच्या खांद्यांकडे बघत होता, मी शिकवलं होतं तसाच. तिने मान वळवली आणि त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं की त्याला कळलं.

त्याने तोंड उघडलं. दोन बोटं पट्ट्यांवरून हलू दिली नाहीत. मग त्याने गायलं. घोगरा, बेसूर म्हणावा असा आवाज, पण चाल आयेची, अगदी तिचीच. जोमा, असं बापाचं नाव घेतलं त्याने. जोमा, मांडवात ये, मागच्यांना घेऊन ये.

कोणी हसलं नाही. मग मागची एक म्हातारी, तिच्यामागे दुसरी, आणि मग सगळ्या बायकांनी ती ओळ झेलली. नाव तेवढं सोडून. नावाची जागा आली की त्या गप्प व्हायच्या आणि हिराजी एकटा म्हणायचा. जोमा. पाटावर दर्शना हुंदके देऊन रडत होती, हळद ओघळत होती. आये आता त्यांच्यात मिसळून गात होती. दम लागला की थांबायची, आणि ती थांबली तरी गाणं चालूच राहायचं.

धवला अजून पुरा व्हायचा होता. आयेने हात पुढे केला, हळदीने भरलेला, आणि हिराजीचा तो दोन बोटांचा हात मनगटाला धरून पट्ट्यांवरून उचलला. आपल्या मांडीवर घेऊन ठेवला. पेटी गप्प झाली. मांडवात नुसते माणसांचे गळे उरले.

मी खांबाशी उभी होते. जन्मभर लोकांनी माझ्याकडे मुक्या पेट्या आणल्या आणि मी त्या बोलत्या करून दिल्या, त्यावर माझं घर चाललं. मी दुरुस्त केलेली पेटी गप्प झाली म्हणून मला आनंदाने रडू आलं, ते त्या एका दिवशी. मी पुढे झाले, वायर काढली, गुंडाळली आणि मागच्या बायकांत जाऊन बसले. नावाची ओळ पुन्हा आली. मला ना सासर त्या घरचं, ना माहेर. मी हिराजीच्या आवाजात आवाज मिळवून ते नाव घेतलं. मला गाता येत नाही हे मी आधीच सांगितलंय. आयेने मान वळवून बघितलं आणि गाता गाताच मला पुढे सरकून बसायची खूण केली.